बाल्डर्स गेटच्या कादंबरीने केलेला अपेक्षाभंग : दोष माध्यमाचा की लेखनाचा?

निळी शाई

नमस्कार. ज्यांनी 'बाल्डर्स गेट' हा संगणकावरचा खेळ मनापासून खेळला आहे आणि त्यावर निघालेली कादंबरीही वाचली आहे, अशा सभासदांचे मत मला हवे आहे. खेळ न खेळलेल्यांनाही चर्चेत भाग घेता यावा म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

कॅनडातील बायोवेअर या कंपनीने तयार केलेला हा खेळ डिसेंबर 1998 मध्ये, चक्क पाच सीडींवर, बाजारात आला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून खेळायच्या प्रसिद्ध कल्पनारम्य खेळाचे नियम आणि त्याच परंपरेतील 'फॉरगॉटन रेल्म्स' हे विश्व त्यात वापरले होते. ते विश्व तेव्हा विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे होते आणि तिनेच 1999 मध्ये फिलिप अथान्स यांनी लिहिलेली 'बाल्डर्स गेट' ही कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे 2000 मध्ये अथान्स यांचीच दुसरी आणि 2001 मध्ये ड्र्यू कार्पिशिन यांची तिसरी कादंबरी आली. पहिली कादंबरी मला मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील पुस्तकविक्रेत्याकडे मिळाली आणि ती मी फार मोठ्या उत्सुकतेने वाचायला घेतली.

अपेक्षाभंग पहिल्याच प्रकरणात सुरू झाला. खेळाची सुरुवात कॅन्डलकीप या ग्रंथालयवजा तटबंदीत होते. आपला नायक तिथे गोरायन नावाच्या वृद्ध जादूगाराच्या छायेत वाढलेला अनाथ असतो. गोरायन घाईने निघायला सांगतो, पण त्याआधी खेळाडूला त्या आवारात मनसोक्त फिरता येते. कोठारातले उंदीर मारावे लागतात, ड्रेपिनच्या आजारी गाईसाठी औषध आणून द्यावे लागते, फ्लिडिया नावाच्या बाईंचे हरवलेले पुस्तक गवताच्या ढिगात सापडते ते परत करावे लागते. ही कामे अगदी किरकोळ असली, तरी ती करता करता कॅन्डलकीप हे आपले घर होऊन जाते. त्यामुळे त्याच रात्री चिलखतधारी सारेव्होक वाट अडवतो, गोरायन आपल्याला पळून जायला सांगतो आणि एकटा लढत मरतो, तेव्हा बाप गेला आणि घरही गेले, ही जाणीव खरोखर होते. त्यात भर म्हणजे मौल्यवान ग्रंथ भेट दिल्याशिवाय कॅन्डलकीपमध्ये कोणालाही प्रवेश मिळत नाही, त्यामुळे परतीचा रस्ताच बंद होतो.

कादंबरीत यातले काहीही घडत नाही. ती तलवारींच्या खणखणाटाने सुरू होते. नायक अब्देल एड्रियन हा धिप्पाड, पैसे घेऊन लढणारा गडी आहे. गोरायनचा मृत्यू पहिल्याच प्रकरणात होतो आणि ज्याच्यासाठी हळहळावे त्याच्याशी आपली ओळखच झालेली नसल्यामुळे तो मृत्यू केवळ एक माहिती ठरतो. खेळात दुसऱ्या दिवशी पहाटे इमोएन ही बालमैत्रीण आपल्या मागोमाग आलेली दिसते. तिने गोरायनचे पत्र चोरून वाचलेले असते, आणि त्या एकाकी क्षणी तिचे येणे हा खेळातला पहिला दिलासा असतो. ती मुलगी पहिल्या कादंबरीत नाहीच.

खालिद आणि जहीरा यांचे जे केले आहे ते तर माझ्या अजिबात पचनी पडले नाही. ही दोघे पती-पत्नी फ्रेंडली आर्म नावाच्या सरायीत गोरायनची वाट पाहत असतात. खालिद अडखळत बोलतो, भित्रा वाटतो, पण पाठ दाखवत नाही. जहीरा करड्या स्वभावाची आहे, पण तिने लावलेली माया पक्की आहे. खेळाडूने त्यांच्यापैकी एकाला निरोप दिला, तर दुसराही निघून जातो, कारण ते जोडीने आले आणि जोडीनेच जाणार. खेळाने एका साध्या नियमातून त्यांचे नाते असे ठसवले आहे. कादंबरीत मात्र खालिद मारला जातो, जहीरा अब्देलच्या प्रेमात पडते, आणि नवऱ्याच्या मृत्यूचे दुःख तोंडी लावण्यापुरतेच उरते.

कथानकाचा सांगाडा खेळातलाच आहे, हे मान्य करायला हवे. नॅशकेलच्या खाणीतले लोखंड ठिसूळ होत जाते, आयर्न थ्रोन या व्यापारी टोळीचे कारस्थान उघडकीस येते, भाल या खुनाच्या मृत देवाची संतती समोर येते, नायकही त्यांपैकीच एक निघतो आणि सारेव्होकला युद्ध पेटवून त्या रक्तपातातून स्वतः देव व्हायचे आहे, हेही उलगडते. घटना बहुतांशी त्याच असूनही पुस्तक इतके परके का वाटते, हाच माझा प्रश्न आहे. खेळावरून लिहिलेल्या कादंबरीच्या पदरी हे अपयश लिहिलेलेच असते, की या विशिष्ट पुस्तकात ते टाळता येण्यासारखे होते? उरलेले दोन भाग वाचावेत का, हेही जाणकारांनी सांगावे.

दुसरी आवृत्ती

निळी शाई यांनी मांडलेली निराशा रास्त आहे आणि पुस्तकाची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. पण अशी पुस्तके कशी तयार होतात हे लक्षात घेतल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवता येणार नाही, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. खेळ 1998 च्या अखेरीस आला आणि कादंबरी 1999 मध्ये, म्हणजे खेळाची चर्चा ताजी असतानाच, दुकानांत पोहोचायची होती. संपादन, छपाई आणि वितरण यांना लागणारे महिने वजा केले, तर लेखन मुख्यतः खेळ पूर्ण होत असतानाच झाले असणार हे उघड आहे. अशा वेळी लेखकाच्या हाती संहिता, आराखडे आणि पात्रांची टिपणे असतात. खेळ खेळून पाहण्याचा अनुभव हाती नसतो. अथान्स हे त्या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तक विभागात संपादक होते, त्यामुळे फॉरगॉटन रेल्म्सची त्यांची माहिती पक्की होती. पण विश्वाची माहिती असणे आणि त्या खेळाची चव माहीत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मिन्स्क या पात्राचे उदाहरण घ्या. संहितेत तो डोक्यावर मार बसलेला, रागीट, भोळा योद्धा आहे आणि बू नावाचा एक हॅम्स्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, तो सोबत बाळगतो. तो प्राणी अंतराळातून आलेल्या महाकाय हॅम्स्टरांच्या जातीचा छोटा नमुना आहे, अशी त्याची ठाम समजूत असते. कागदावर हा जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर आहे. तो जगभरच्या खेळाडूंचा लाडका झाला तो जिम कमिंग्ज यांच्या आवाजामुळे, आणि तीच चार-दोन वाक्ये लढाईच्या धामधुमीत शेकडो वेळा ऐकून ती खेळाडूच्या मनात घर करून बसल्यामुळे. संहिता वाचणाऱ्या लेखकाला हे पात्र पुढे काय होणार आहे याची कल्पना कशी यावी?

पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये सोबत घेता येतील अशी 25 पात्रे आहेत, पण त्यातल्या बहुतेकांना फार थोडे संवाद दिलेले आहेत. दुसऱ्या भागात सोबती बोलू लागले, भांडू लागले, आपली दुःखे सांगू लागले. पहिल्या भागात त्यांचे स्वभाव मुख्यतः खेळाडूंनीच कल्पनेने भरून काढले. कोणी खालिदला घाबरट मानले, तर कोणी त्याला सर्वांत धीराचा माणूस मानले. याचा अर्थ असा की, 1999 मध्ये ज्याने हे पुस्तक उघडले त्याच्या मनात आधीच एक कादंबरी पूर्ण झालेली होती आणि ती प्रत्येकाची निराळी होती. छापील कादंबरीची तुलना तिच्याशी होणार होती. अशा स्पर्धेत कोणताही लेखक कमीच पडला असता, असे मला वाटते.

कातरवेळ

दुसरी आवृत्ती यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरी त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. प्रत्येकाच्या मनात वेगळी कादंबरी होती हे खरे आहे. पण त्या सगळ्या कादंबऱ्यांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे सोबत. सहा जणांचा जमाव रानावनातून चालतो आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, रात्री मुक्कामावर पहारा द्यावा लागतो आहे आणि पुढच्या लढाईत यातला कोणीही कायमचा जाऊ शकतो, हा अनुभव प्रत्येक खेळाडूने घेतला आहे. नायक स्त्री होता की पुरुष, चोर होता की पुरोहित, याने त्यात काही फरक पडत नाही. कादंबरीने नेमके हेच वगळले. अब्देल एकटा माणूस आहे. त्याच्याभोवती लोक येतात आणि मरतात किंवा निघून जातात, पण त्यांच्यामुळे त्याच्या वागण्यात काहीही बदल होत नाही. हे अपयश खेळ पूर्ण होण्याआधी लिहिल्यामुळे आलेले नाही, कारण सहा जणांचा जथा ही गोष्ट आराखड्याच्या पहिल्या पानावर असणार.

नायकाला एक नाव आणि एक चेहरा द्यावाच लागतो, याबद्दल कोणी तक्रार करू नये. कादंबरी म्हटले की ते आलेच. पण निवड करताना असा माणूस निवडावा, की ज्याच्या मनात त्या कथेचा मूळ प्रश्न उभा राहू शकेल. बाल्डर्स गेटचा मूळ प्रश्न असा आहे, की खुनाच्या देवाचे रक्त अंगात असताना माणसाने कोण व्हायचे ठरवावे. खेळ हा प्रश्न स्वप्नांमधून विचारतो. ठरावीक टप्प्यांवर नायकाला स्वप्ने पडतात, त्यात एक आवाज त्याला हिंसेकडे ओढतो, आणि जागा झाल्यावर त्याच्या अंगी एक नवी शक्ती आलेली असते. तोवरचे वर्तन चांगले असेल, तर त्या शक्तीने जखमा भरून येतात. वर्तन दुष्टपणाचे असेल, तर दुसऱ्याचे प्राण शोषून घेता येतात. खेळाडूला अजून आपला बाप कोण हे माहीतही नसते, पण आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे त्याला कळू लागते. पुढे कॅन्डलकीपला परतल्यावर गोरायनचे पत्र सापडते आणि त्या स्वप्नांचा अर्थ लागतो.

एखाद्या कादंबरीकाराला यापेक्षा चांगली सामग्री कोण देणार? आतला आवाज, संशय, मोह, अपराधाची भावना या गोष्टी तर कादंबरीत खेळापेक्षा अधिक खोलवर दाखवता येतात, कारण तिथे माणसाच्या मनात शिरण्याची सोय असते. अब्देल मात्र पहिल्या पानापासून सहज माणसे मारणारा आहे. ज्याने कधी हात आखडता घेतलाच नाही, त्याचा बाप खुनाचा देव आहे हे कळल्याने वाचकाला धक्का बसत नाही आणि त्यालाही बसत नाही. इथे माध्यमाची मर्यादा कुठेच आडवी आलेली नाही. माध्यमाने जे देऊ केले होते तेच नाकारले गेले आहे.

आता जहीराविषयी. निळी शाई यांचा आक्षेप मी थोडा बदलून मांडेन. जहीरा आणि नायक यांच्यात प्रेम निर्माण होणे ही मुळात चूक नाही, कारण सप्टेंबर 2000 मध्ये आलेल्या दुसऱ्या खेळातही ते घडू शकते. पण तिथे ते कसे घडते ते पाहा. खेळ एका तळघरातल्या तुरुंगात सुरू होतो आणि काही दालने ओलांडल्यावर खालिदचे प्रेत दिसते. जहीरा कोलमडते, संतापते, तिचा विश्वास बसत नाही. त्यानंतर खेळाडूशी तिची जवळीक वाढते ती कितीतरी तासांच्या प्रवासात, तुकड्यातुकड्यांनी, मधूनमधून ती स्वतःच मागे सरत असताना. नवऱ्याच्या आठवणीशी ही प्रतारणा तर नाही ना, हा विचार ती मोठ्याने बोलून दाखवते. बायोवेअरच्या लेखकांनी त्या दुःखाला वेळ दिला, म्हणून ते प्रेम पटते. कादंबरीत घटना तीच आहे, पण तिला लागणारा वेळ दिलेला नाही. पाट्या टाकल्यासारखे प्रसंग एकामागून एक उरकले आहेत.

दुसरी आवृत्ती

कातरवेळ यांचा स्वप्नांविषयीचा मुद्दा मला पटला. तिथे घाईचे कारण पुढे करता येत नाही. मात्र 'आतल्या माणसाने लिहिले असते तर चांगले झाले असते' असे जे मत चाहत्यांमध्ये नेहमी ऐकू येते, त्याला या मालिकेतच एक उत्तर आहे. तिसरी कादंबरी लिहिणारे कार्पिशिन हे बायोवेअरचेच लेखक होते आणि त्यांनी या खेळांवर प्रत्यक्ष काम केले होते. तरीही त्या पुस्तकाने फारसे कोणाचे समाधान झाले नाही. माझ्या मते त्याचे कारण त्यांच्या कुवतीत शोधू नये. दोन पुस्तकांनी घडवलेला, किंवा न घडवलेला, अब्देल त्यांच्या गळ्यात आयता पडला होता आणि मोकळ्या हाताने सुरुवात करण्याची त्यांना मुभा नव्हती.

पायवाट

मूळ प्रश्नाचा एक भाग असा होता, की अशा कादंबऱ्यांचे अपयश अटळ असते का. तसे नाही, हे दाखवणारी तीन उदाहरणे याच परंपरेतली आहेत.

'अझ्युअर बॉन्ड्स' ही केट नोव्हाक आणि जेफ ग्रब यांची कादंबरी 1988 मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिच्यावरून खेळ निघाला. तो खेळ तीच गोष्ट पुन्हा सांगत बसला नाही. हातावर गूढ निळ्या खुणा उमटण्याची मूळ कल्पना घेऊन त्याने ती खेळाडूच्या स्वतःच्या पात्रांना लागू केली. दोन्ही कृती आपापल्या पायांवर उभ्या आहेत.

'लॉर्ड ऑफ द क्लॅन्स' हे 2001 मधले पुस्तक त्याहून वेगळे आहे. ब्लिझार्ड या कंपनीने आपल्या वॉरक्राफ्ट या खेळमालिकेच्या विश्वातला एक खेळ तयार होत असताना 1998 मध्ये मध्येच बंद केला. त्यातली थ्रॉल या गुलाम ऑर्कची, म्हणजे राक्षसासारख्या एका कल्पित जमातीतल्या योद्ध्याची, कथा ख्रिस्टी गोल्डन यांनी कादंबरीरूपात लिहिली. खेळ आलाच नाही, त्यामुळे वाचकाच्या मनात तुलनेला काही नव्हते, आणि पुढच्या खेळांत थ्रॉल मोठा झाला तेव्हा त्याचे बालपण जाणून घेण्याचे ठिकाण हेच पुस्तक ठरले.

तिसरे उदाहरण 2009 मधल्या 'द स्टोलन थ्रोन' या कादंबरीचे. ड्रॅगन एज या खेळाचे प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी ती स्वतः लिहिली. खेळात लोगेन हा सेनापती राजाला रणांगणात सोडून माघार घेतो आणि खेळाडूच्या रोषाचा धनी होतो. कादंबरी त्याच्या तरुणपणात जाते. परकीय सत्तेविरुद्ध मॅरिक या राजपुत्राच्या बाजूने तो कसा उभा राहिला आणि त्यापायी त्याने काय गमावले, हे त्यात आहे. भाषेच्या दृष्टीने ती कादंबरी फार वरच्या दर्जाची आहे असे मी म्हणणार नाही, लढायांची वर्णनेही जरा लांबली आहेत. पण ती वाचून पुन्हा खेळ खेळला की त्या माघारीच्या दृश्यात लोगेनच्या चेहऱ्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. खेळाडूने जे स्वतः जगले आहे त्याला या पुस्तकाने हात लावला नाही आणि जे त्याला कधी पाहायला मिळाले नव्हते ते दाखवले. बाल्डर्स गेटच्या पुस्तकाने नेमकी उलट वाट धरली. गेडर हे बाल्डर्स गेटच्या दुसऱ्या खेळाच्या लेखकांपैकीही एक होते, हे इथे नमूद करण्यासारखे आहे.

निळी शाई

सर्वांचे मनापासून आभार. पायवाट यांचा मुद्दा माझ्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. मी जे स्वतः केले होते तेच मला पुन्हा सांगितले जात होते, आणि तेही मी केले तसे नाही, म्हणून मला ते परके वाटले असावे.

तरीही एक गोष्ट मला सलते. वाईट पुस्तक मिटून बाजूला ठेवता येते. पण विझार्ड्स ऑफ द कोस्टने 2013 मध्ये 'मर्डर इन बाल्डर्स गेट' हे साहस, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळण्यासाठीचे तयार कथानक, प्रसिद्ध केले. पहिल्या खेळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडणाऱ्या त्या कथेत बाल्डर्स गेट या शहराचा ड्यूक म्हणून अब्देल एड्रियन समोर येतो आणि भर सभेत मारला जातो. त्याच्या मृत्यूतून भालच्या पुनरागमनाचा मार्ग मोकळा होतो. याचा अर्थ असा झाला, की लाखो खेळाडूंनी आपापल्या परीने घडवलेल्या नायकांऐवजी ज्या पुस्तकाविषयी सर्वांत जास्त नाराजी होती त्यातलाच नायक अधिकृत इतिहासात गेला. हा निर्णय कोणत्या विचाराने घेतला गेला असेल? आणि वाचकाने तो मानावा का?

तळघर

या विषयावर मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रकाशकाच्या बाजूने पाहिले, तर तो निर्णय समजण्यासारखा आहे. फॉरगॉटन रेल्म्स हे शेकडो पुस्तके, खेळ आणि साहसकथा यांतून उभे राहिलेले सामायिक विश्व आहे. पुढची कथा रचताना मागे काय घडले हे एकदा ठरवून टाकावे लागते. भालच्या संततीची कहाणी या विश्वाच्या इतिहासातली मोठी घटना होती आणि तिच्या नायकाला छापील मजकुरात आधीच एक नाव मिळालेले होते. नवे नाव शोधले असते, तर त्यावरही वाद झालाच असता. तेव्हा जे नाव कागदावर होते तेच घेतले गेले, असे मला वाटते. 'मर्डर इन बाल्डर्स गेट'मधला अब्देल हा कादंबरीतला आडदांड गडी राहिलेलाही नाही. तो लोकांच्या आदरास पात्र झालेला वयोवृद्ध प्रशासक आहे. नाव कादंबरीचे आहे, पण तो माणूस खेळाच्या चांगल्या शेवटातून आलेला वाटतो.

मात्र चाहत्यांना जे लागले ते मी हलके मानत नाही. माझी नायिका अर्धी एल्फ (परीकथांतली एक जमात), अर्धी मानव अशी चोर होती. तिने इमोएनला शेवटपर्यंत सोडले नाही आणि खालिद-जहीराच्या जोडीलाही सोडले नाही. सारेव्होकसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या बाजूला हे तिघे होते. हा खेळ मी विद्यार्थिदशेत खेळले. त्या काळात इंग्रजी वाचनाची गोडी मला त्यातल्या लांबलचक संवादांनी आणि ग्रंथालयातल्या खोट्या इतिहासग्रंथांनी लावली. तेव्हा ती गोष्ट माझी आहे, असे मी म्हणते ते अतिशयोक्तीने नव्हे. खेळाने ती माझ्या हाती सोपवली होती. खेळावरची कादंबरी चित्रपटाच्या कादंबरीपेक्षा अधिक दुखावते ती यामुळे. चित्रपटात नायकाने काय करावे हे आपण ठरवलेले नसते.

दुखावलेल्या चाहत्यांचे ऐकले जाऊ शकते, याचेही एक उदाहरण आहे. ते बायोवेअरच्याच, पण विज्ञानकथेच्या अंगाने जाणाऱ्या खेळाचे आहे. 2012 मध्ये 'मास इफेक्ट : डिसेप्शन' ही कादंबरी आली तेव्हा चाहत्यांनी तिच्यातल्या विसंगतींची लांबलचक यादी तयार केली. पात्रांची वये, त्यांचे स्वभाव, आधीच्या भागांत घडलेल्या घटना, सगळ्यांतल्या चुका त्यात नोंदवल्या होत्या. मागच्या पुस्तकांत स्वमग्न असलेल्या मुलीच्या चित्रणाबद्दलची नाराजी विशेष तीव्र होती. त्यानंतर बायोवेअर आणि प्रकाशक यांनी चुका मान्य करून चाहत्यांची क्षमा मागितली आणि पुढील आवृत्त्यांत दुरुस्त्या करण्याचे आश्वासन दिले. त्या यादीत शिवीगाळ नव्हती, पृष्ठवार नोंदी होत्या, हे मला महत्त्वाचे वाटते. बाल्डर्स गेटच्या वेळी असे काही घडले नाही, पण आज घडू शकते.

अब्देलला मानावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की पटावर बसून त्या शहरातले नवे साहस खेळताना मानावे, कारण तिथे पाच जणांना एकच इतिहास लागतो. पहिला खेळ पुन्हा सुरू करताना मात्र मानण्याचे काहीही कारण नाही. 2012 मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीमुळे तो आजच्या संगणकांवर विनासायास चालतो आणि तिथे नायकाचे नाव लिहिण्याची जागा कोरीच ठेवलेली आहे. 2023 च्या तिसऱ्या खेळात जहीरा आणि मिन्स्क पुन्हा भेटतात. तिथली जहीरा वार्धक्याकडे झुकलेली, थकलेली, पण तितकीच करारी आहे. तिच्याशी बोलताना पहिल्या खेळातली ती सरायीत बसलेली बाईच मला आठवते, कादंबरीतली नाही.

राहिला प्रश्न उरलेल्या दोन पुस्तकांचा. निळी शाई यांनी दुसरे पुस्तक वाचू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्यात इमोएन येते, पण अब्देलशी तिचे बालपणापासूनचे नाते पहिल्या पुस्तकात उभेच केलेले नसल्यामुळे तिच्यावरच्या संकटाची झळ आपल्याला लागत नाही. तिसरे पुस्तक केवळ मालिका पूर्ण करण्याच्या इच्छेने वाचायचे असेल तर वाचावे. वेळ थोडा असेल, तर आधी 'द स्टोलन थ्रोन' घ्यावे, आणि ड्रॅगन एज खेळला नसेल, तर तो खेळ संपवून मग पुस्तक उघडावे. लोगेनविषयी स्वतःचे मत बनण्याआधी ते वाचले, तर त्यातली अर्धी गंमत निघून जाते.